१००० यार्डांवर स्कोपचा नॉब संपला, आता कोणता स्कोप घेऊ?

कृष्णाकाठ:

नमस्कार. मी मूळची कराडची, आता इंग्लंडात सरेमध्ये राहते. कॉलेजात एनसीसीत असताना .२२ रायफल चालवली होती, २५ मीटरवर पोटावर झोपून. त्यानंतर १५ वर्षं रायफलला हात लागला नाही. दोन वर्षांपूर्वी इथल्या एका क्लबात नाव घातलं, प्रोबेशनचे महिने पूर्ण केले, पोलिसांकडून सर्टिफिकेट आलं आणि गेल्या हिवाळ्यात एका जुन्या सभासदाकडून वापरलेली .३०८ घेतली. बायपॉड आणि स्कोप तिच्यावर बसवलेलेच होते. स्कोप ६-२४×५०, म्हणजे ६ ते २४ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं; नॉब पाव मिनिटाच्या क्लिकचा (मिनिट म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग). मी एफ-टीआर प्रकारात खेळते, म्हणजे एफ-क्लासमधला स्कोप आणि बायपॉड (पुढचे दोन पाय) लावून लांबच्या कागदी लक्ष्यावर मारायचा प्रकार.

बिस्लीच्या नेमबाजी मैदानात सेंच्युरी रेंजवर ३०० आणि ६०० यार्ड छान जमले. मागच्या महिन्यात पहिल्यांदा तिथल्या लांब पल्ल्याच्या रेंजवर, स्टिकलडाउनवर गेले. ९०० वर गोळ्या लक्ष्यावर लागल्या, जीव भांड्यात पडला. मग सगळे १००० वर सरकलो. माझ्या गोळीला (१५५ ग्रेन) १०० यार्डांच्या शून्यापासून (१०० यार्डांवर गोळी नेमावर लागते ती नॉबची जागा) साधारण ३४ मिनिटं वर लागतात असं गणित होतं. नॉब फिरवत गेले आणि ३० वर तो थांबला. पुढे फिरेचना. तरी दोन साइटर (गुणांत न धरायच्या चाचणीच्या गोळ्या) मारले. दोन्ही वेळा बट्समधून (जिथे मार्कर लोक लक्ष्य खाली-वर करतात तो खंदक) निरोप आला, लक्ष्यावर काही नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, थांब, उगाच काडतुसं घालवू नकोस. मी रायफल मोकळी केली आणि उरलेली दुपार स्कोअर लिहीत बसले. फार वाईट वाटलं. इतके महिने त्या १००० यार्डांची वाट बघितली होती.

आता नवा स्कोप घ्यायचा आहे. १२०० पौंड जमवले आहेत, त्याच्या पुढे जाता येणार नाही. क्लबात प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी म्हणतं २४ पट म्हणजे काहीच नाही, ५० हवेत. कोणी म्हणतं एफएफपी घे, कोणी म्हणतं चुकूनही घेऊ नकोस. मिल की मिनिट, हेही कळत नाही. इंग्रजीत ढीगभर वाचलं, पण आपल्या भाषेत कोणी नीट समजावलं तर डोक्यात बसेल. इथे कोणी लांब पल्ल्याची टार्गेट रायफल खेळतं का?

कोलोरॅडोकर:

वा, मराठीत हा विषय बघून फार बरं वाटलं! मी इकडे पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) खेळतो. माझं मत सरळ आहे: ५-२५ च्या आसपासचा एफएफपी (पटीबरोबर रेटिकलही लहान-मोठी होते तो), मिलमधला (मिल म्हणजे कोनाचं दुसरं माप), खाली झाडासारखी फांद्या-फांद्यांची रेटिकल, म्हणजे आतल्या नेमाच्या रेषा, असलेला. आमच्याकडे एका टप्प्यात दीड-दोन मिनिटांत वेगवेगळ्या अंतरांवरच्या लोखंडी पाट्या मारायच्या असतात. दर वेळी नॉब फिरवायला सवड नसते, वारा रेटिकलवरच धरावा लागतो. एफएफपीत पट कितीही ठेवा, रेटिकलवरची मापं तीच राहतात. उद्या खेळ बदललात तरी तो स्कोप कामाला येईल.

टूलरूम:

कृष्णाकाठ, आधी एक विनंती. स्कोप विकू नका आणि नवाही घेऊ नका. तुमच्या लिहिण्यावरून स्कोप बिघडलेला वाटत नाही. तो सपाट रेलवर (रायफलवरची स्कोप धरणारी पट्टी) बसवलेला आहे.

माझी ओळख सांगतो, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. भोसरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये १२ वर्षं काढली, मग कोव्हेंट्रीला आलो आणि निवृत्तीपर्यंत मापंच घेत राहिलो. एफ-टीआर १४ वर्षं खेळतोय. स्कोपकडे मी मोजायचं यंत्र म्हणूनच बघतो. त्याचा नॉब म्हणजे एक बारीक आट्यांचा स्क्रू. तो आतल्या छोट्या नळीला एका बाजूने ढकलतो आणि समोरून स्प्रिंग तिला परत रेटते. एवढाच मामला आहे. मायक्रोमीटर वापरलेल्या माणसाला तो लगेच कळतो.

तुमच्या स्कोपमध्ये वर-खाली मिळून ६० मिनिटं असावीत. नळी मध्यावर असली की ३० वर आणि ३० खाली. सपाट रेलवर १०० यार्डांचं शून्य जवळजवळ मध्यावरच येतं, म्हणजे वर जायला ३०. तुम्हाला हवीत ३४. उरलेली चार मिनिटं म्हणजे १००० यार्डांवर जवळपास ४२ इंच. तुमच्या दोन्ही गोळ्या लक्ष्याच्या खालून गेल्या. तुमच्या नेमाचा त्यात काही दोष नव्हता.

उपाय म्हणजे २० मिनिटांची रेल. ती मागच्या बाजूला किंचित जाड असते, त्यामुळे स्कोपचं नाक थोडं खाली झुकतं. मग १०० यार्डांचं शून्य मध्याच्या २० खाली येतं आणि वर जायला ५० उरतात. ३४ वापरलीत तरी १६ शिल्लक. शिवाय १००० यार्डांवर आतली नळी मध्यापासून फक्त १४ वर असते, आणि मध्याच्या जवळ भिंगही स्वच्छ दिसतं, बाजूची मिनिटंही भरपूर मिळतात. नळी गोल आहे ना, ती अगदी वरच्या टोकाला गेली की डावी-उजवीकडे सरकायला जागाच राहत नाही. ४० ची रेल मात्र घेऊ नका. तुमच्या स्कोपला खाली ३० च आहेत, १०० यार्डांवर शून्यच होणार नाही. रेल स्कोपच्या मानाने अगदी स्वस्त येते. तुमचे १२०० पौंड बँकेत राहू द्या.

तरीही पुढेमागे नवा घ्याल, म्हणून काय बघायचं ते सांगतो. पहिलं आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं: नॉब सांगतो तेवढीच नळी हलते का, आणि परत आणली की जागेवर येते का.

हे मी पैसे घालवून शिकलो. दहा वर्षांपूर्वी एक नवा कोरा, मोठ्या पटीचा स्कोप घेतला. चित्र इतकं सुंदर की बायकोला बागेतले पक्षी दाखवले त्यातून. शनिवारी ८०० यार्डांवर उत्तम बसला, दुपारी १००० वर नेला, रविवारी सकाळी परत ८०० वर आणला तर दीड मिनिट खाली. मी वाऱ्याला दोष दिला, उजेडाला दिला, काडतुसांत दारू भरताना माझंच काही चुकलं असेल म्हणून सगळी काडतुसं परत वजन केली. अख्खा मोसम असा गेला. शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. वॉलपेपरचा रोल पाठकोऱ्या बाजूने १०० यार्डांवर टांगला, ओळंबा सोडून त्यावर उभी रेघ मारली, खाली एक ठिपका. अंतर फितीने मोजलं, ३०० फूट, कारण रेंजवरच्या पाटीवर माझा विश्वास नाही. ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या. मग नॉब ३० मिनिटं वर, नेम त्याच ठिपक्यावर, तीन गोळ्या. परत शून्यावर, तीन गोळ्या. परत ३०. एक मिनिट १०० यार्डांवर १.०४७ इंच, म्हणजे ३० मिनिटांना ३१.४ इंच यायला हवेत. पहिल्यांदा साडेतीस आले, दुसऱ्यांदा सव्वाएकतीस, आणि शून्य दोन्ही वेळा वेगळं.

दर वेळी साडेतीसच आले असते तर मी तो स्कोप ठेवला असता. तीन टक्के कमी चालतो एवढं वहीत लिहून ठेवलं की झालं, ३४ च्या जागी ३५ फिरवायचे. पण दर वेळी वेगळं येत असेल तर हिशोबच लागत नाही. विक्रेत्याने परत घेतला नाही, कंपनीने ‘मर्यादेत आहे’ असं लिहून पाठवलं. त्यानंतर कुठलाही स्कोप, माझा असो की क्लबातल्या कोणाचा, या कागदावरून गेल्याशिवाय मी त्याच्याबद्दल चांगलं-वाईट बोलत नाही. तुम्हीही तुमच्या ६-२४ ची ही परीक्षा घ्या. पास झाला तर तो चांगला स्कोप आहे, नाव काहीही असो.

दुसरं, पट. २५ पटीत १००० यार्डांवरचं लक्ष्य ४० यार्डांवर असल्यासारखं दिसतं. तुम्हाला काय बघायचंय? काळं वर्तुळ, वरचा नंबर आणि तुमच्या गोळीच्या भोकात मार्करने लावलेली चकती. हे २५ मध्ये दिसतं. ४०-५० पटीचा उपयोग नाही असं नाही. सकाळची थंड हवा, ढगाळ दिवस, अशा वेळी ४० लावला की व्ही-बुलच्या (लक्ष्याच्या अगदी मधल्या वर्तुळाच्या) आतही जागा निवडता येते. पण जुलैच्या दुपारी स्टिकलडाउनवर मृगजळ उठलं की ४० पटीत लक्ष्य तव्यावरच्या पाण्यासारखं थरथरतं. तेव्हा माझ्यासकट सगळे २५-३० वर येतात. आणखी एक, ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. ५६ चं भिंग ५० पटीवर म्हणजे जेमतेम १.१ मिलिमीटर. चित्र अंधारतं, मान केसभर हलली की काळं होतं, आणि माझ्या वयाच्या माणसाला स्वतःच्याच डोळ्यात तरंगणारे धागे लक्ष्यावर दिसायला लागतात. २५ पटीवर तोच झोत २.२ होतो आणि डोळा निवांत बसतो.

तिसरं, मिनिट की मिल. तुमच्या खेळात मिनिटच. कोलोरॅडोकर म्हणतात ते त्यांच्या खेळात शंभर टक्के खरं आहे, मी त्यांच्या जागी असतो तर तेच घेतलं असतं. पण एफ-क्लासचं लक्ष्यच मिनिटांवर आखलेलं आहे. व्ही अर्ध्या मिनिटाचा, म्हणजे १००० यार्डांवर ५ इंच. पाचाचं वर्तुळ एका मिनिटाचं. वहीत मिनिटं, शेजारी बोलणार मिनिटात. मिलच्या स्कोपची एक क्लिक बहुधा ०.१ मिलची असते, ती १००० यार्डांवर ३.६ इंच. ५ इंचांच्या व्हीला ती जाडीभरडी पडते. पाव मिनिट २.६ इंच, चालतं. अदपाव मिनिट १.३ इंच, ते उत्तम. आणि एफएफपीत पट वाढवला की रेषाही तेवढ्याच जाड होत जातात, व्हीचा झाकलेला भाग कमी होत नाही. आपलं अंतर ठरलेलं, लक्ष्य एकच, आणि दुसऱ्याची पाळी चालू असताना नॉब फिरवायला वेळ मिळतो. म्हणून एसएफपी (पट बदलला तरी रेटिकल तेवढीच दिसते तो), बारीक क्रॉस, मध्ये छोटा ठिपका.

वजनाकडेही बघा. एफ-टीआरमध्ये रायफल, बायपॉड, स्कोप धरून ८.२५ किलो, त्यावर एक ग्रॅमही चालत नाही. जड नळीच्या रायफलवर किलोभराचा स्कोप चढवून काट्यावर नापास झालेले लोक मी पाहिलेत.

क्लबात तुम्हाला दिसतील ते सायट्रॉन एस-थ्री ८-३२×५६, नाइटफोर्स कॉम्पिटिशन १५-५५×५२, मार्च १०-६०×५२, व्हॉर्टेक्स गोल्डन ईगल १५-६०×५२. सगळे एसएफपी. माझ्या रायफलवर सायट्रॉन आहे, अदपाव क्लिकचा, वापरलेला घेतला. तुमच्या पैशात वापरलेल्यातच बघा, आणि घेताना कागदाची परीक्षा करू देणाऱ्याकडूनच घ्या. प्रकाशणारी रेटिकल वगैरेसाठी जास्त पैसे देऊ नका, आपण उन्हात पांढऱ्या कागदावर मारतो.

बालेवाडी_सकाळ:

फार माहितीपूर्ण. माझी मुलगी पुण्यात बालेवाडीला ५० मीटर थ्री पोझिशन करते. स्वप्नील कुसाळेंनी २०२४ ला पॅरिसमध्ये याच प्रकारात ब्राँझ मिळवलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पण तिच्या रायफलवर स्कोप नाही, मागे बारीक भोक आणि पुढे कडी. ५० मीटरला स्कोप चालत नाही आणि तुमच्या १००० यार्डांना चालतो, असं का? अंतरामुळे?

टूलरूम:

अंतरामुळे नाही, प्रकारामुळे. बिस्लीला मूळची जी टार्गेट रायफल आहे, तीही तुमच्या मुलीसारखीच भोक आणि कडी लावून मारतात, १००० यार्डांवरसुद्धा. स्कोप नाही, बायपॉड नाही, खांद्याला पट्टा. त्यातली चांगली मंडळी लागोपाठ व्ही मारताना बघितली की हात जोडावेसे वाटतात. एफ-क्लास नंतर आला. जॉर्ज फार्कुहरसन नावाच्या कॅनडातल्या नेमबाजाच्या आडनावावरून तो ‘एफ’. वयाने डोळे आणि कोपरं थकलेल्या लोकांना खेळत राहता यावं म्हणून स्कोप आणि टेकू दिला. मुलीला सांगा, भोकातून शिकलेलं वाया जात नाही. डोळा मधोमध ठेवायची सवय स्कोपमध्येही तीच लागते.

थोडं विषयांतर करतो. इथल्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा १८६० मध्ये विम्बल्डनला झाली, बिस्लीला ती मंडळी १८९० मध्ये आली. त्या पहिल्या स्पर्धेची पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली, लोखंडी टेकूवर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलने. हा तोच जोसेफ व्हिटवर्थ, ज्याच्या नावाचे ५५ अंशांचे आटे आम्ही भोसरीत जुन्या मशीनवर रोज पाडत होतो. मला हे इथे आल्यावर कळलं. त्या दिवसापासून स्कोपचा नॉब फिरवताना मला टूलरूमची आठवण येते.

कृष्णाकाठ:

टूलरूमकाका, काय बोलू! काल रात्री मुलगी झोपल्यावर स्कोप उतरवला. रेल अगदी सपाट आहे, कॅलिपरने दोन्ही टोकं मोजली, सारखी. आणि नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवला तर ६१ मिनिटं भरली. तुम्ही न बघता सांगितलंत. २० ची रेल मागवली. वॉलपेपरही आणलाय.

आता बसवताना काय सांभाळू? आणि बाजूचा तो पॅरॅलॅक्सचा नॉब, त्यावरचे आकडे धरून ठेवायचे का?

टूलरूम:

आकड्यांकडे बघू नका. १००० यार्डांवर लक्ष्य स्पष्ट होईपर्यंत फिरवा, मग रायफलला हात न लावता मान किंचित वर-खाली करा. क्रॉस लक्ष्यावरून सरकताना दिसला तर आणखी थोडं फिरवा. सरकायचा थांबला की ती जागा बरोबर. त्याआधी मागची कडी फिरवून क्रॉस तुमच्या डोळ्याला काळाभोर करून घ्या, मोकळ्या आकाशाकडे बघून, झटक्यात. टक लावून बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्हाला फसवतो.

मृगजळ वाचायला काही लोक हाच नॉब जरा अलीकडे आणतात, मधली हवा दिसते. मी ते करत नाही, नेम बिघडतो. त्यासाठी शेजारी वेगळी स्पॉटिंग स्कोप (नुसती बघायची दुर्बीण) ठेवा आणि डाव्या डोळ्याने बघा.

बसवताना सर्वात महत्त्वाचा ओळंबा. रायफल लेव्हलने सरळ करा, २५ यार्डांवर ओळंबा टांगा आणि स्कोपचा उभा क्रॉस त्या दोरीवर बसवा, मग नळीवर छोटी लेव्हल लावा आणि प्रत्येक गोळीआधी तिचा बुडबुडा बघा. का, तर तुम्ही ३४ मिनिटं वर फिरवलीत आणि रायफल एक अंशाने उजवीकडे कलली, तर त्या ३४ मधली ०.६ मिनिटं उजवीकडे जातात. १००० यार्डांवर सहा इंच. १०० यार्डांवर शून्य करताना हे कधीच दिसत नाही, म्हणून लोक वाऱ्याला बोल लावतात. वारा तर आहेच, ताशी एका मैलाचा फरक पडला की तुमची गोळी आठ-नऊ इंच सरकते. निदान कलण्याचे सहा इंच त्यात मिसळू देऊ नका.

स्कोप धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे, आणि बनवणाऱ्याने दिलेल्या जोराएवढेच, टॉर्क पान्याने. स्कोपची बाहेरची नळी दाबली गेली तर आतली नळी अडकत चालते आणि मग कागदावर माझ्यासारखे आकडे यायला लागतात. रेलखाली तेल राहू देऊ नका. नवी रेल लावल्यावर १०० यार्डांचं शून्य नव्याने करावं लागेल, जुनं २० मिनिटांनी हललेलं असेल, घाबरू नका.

कृष्णाकाठ:

तीन आठवड्यांनी लिहितेय. कागदाची परीक्षा झाली: ३० मिनिटांना पहिल्यांदा ३१.२ इंच, दुसऱ्यांदा ३१.३, आणि शून्यावर परत आल्यावर तीन गोळ्या आधीच्या तीन गोळ्यांच्या गटातच. तो कागद गुंडाळून कपाटावर ठेवलाय, नवऱ्याला टाकू दिला नाही.

परवा रविवारी स्टिकलडाउन, १००० यार्ड. नॉब ३४ वर गेला आणि पुढेही फिरत होता, ते बघूनच अर्धं काम झाल्यासारखं वाटलं. पहिला साइटर मारला. लक्ष्य खाली गेलं. वर येईपर्यंत मी श्वास धरला होता. चकती डावीकडे, किंचित वर, पण लक्ष्यावर! पाव मिनिट खाली, दोन मिनिटं उजवीकडे. दुसरा चारात. मग दहा गोळ्यांत ५० पैकी ४१, एक व्ही. दुपारी हवा तापल्यावर २४ पटीवरसुद्धा वर्तुळ हलत होतं, १८ वर आणल्यावर निवळलं. बुडबुडा चार वेळा उजवीकडे सापडला. मी रायफल कलवते हे मला माहीतच नव्हतं.

चुकलेले सगळे गुण डावी-उजवीकडे गेले, वर-खाली एकही नाही. शेजारच्या त्याच बाई आता मला वाऱ्याचे झेंडे वाचायला शिकवणार आहेत. १२०० पौंडांतले थोडे काढून वापरलेली स्पॉटिंग स्कोप बघतेय, ४५ अंशांत वाकलेली. काका, त्यात काय बघायचं?

टूलरूम:

झोपल्या जागी मान न उचलता डाव्या डोळ्याशी येते का, ते आधी बघा. स्टँड त्याप्रमाणे घ्या. पट २० ते ३० पुरे. आणि ४१ बद्दल अभिनंदन, माझे पहिल्यांदा ३३ होते.